पेडल स्टीलचा पिकअप किती किलो-ओहमचा असावा?

नमस्कार. उत्तराला हात घालण्यापूर्वी तुमची अडचण मी माझ्या शब्दांत मांडून पाहतो, म्हणजे समजून घेण्यात चूक झाली असेल तर ती इथेच उघडी पडेल. बोटीवर नोकरीला असलेल्या तुमच्या मामांनी पूर्वी कधीतरी आणलेली, एका नेकची, दहा तारांची, ई-नाइन ट्यूनिंगची पेडल स्टील गिटार (तारांवर पोलादी बार सरकवत आणि पायाच्या पेडलांनी स्वर चढवत-उतरवत वाजवायची) देवगडच्या घरी माळ्यावर पडून होती. तिच्या पिकअपचे, म्हणजे तारांचे कंपन विजेत बदलणाऱ्या भागाचे, वेटोळे तुटलेले निघाले, म्हणून तुम्ही मोटार वाइंडिंगच्या दुकानातून ‘४२ नंबरची’ तार आणली आणि बॉबिन काठोकाठ भरेपर्यंत सुमारे ५,००० वेढे दिले. आता मीटरवर जेमतेम २ किलो-ओहम दिसतात, आवाज क्षीण आहे, गुणगुण भरपूर आहे आणि दिवेलागणीनंतर ती वाढते. शिवाय सहावी तार सगळ्यांच्या वर बोलते आणि तिसरी ऐकूच येत नाही. यावर तुम्ही विचारता की वेढे वाढवून १७ किलो-ओहम गाठावेत की २०, आणि जोडीला अधिक जोरदार चुंबक लावावेत का.

एका आकड्यात उत्तर देणे सोपे आहे. पेडल स्टीलचे एकेरी वेटोळ्याचे पिकअप साधारणपणे १५ ते २० किलो-ओहमचे असतात आणि त्यात १७ ते १८ हा आकडा वारंवार दिसतो. पण हा आकडा गाठूनही तुमच्या तीनपैकी दोन तक्रारी तशाच राहण्याची शक्यता आहे, कारण त्यांचे मूळ वेटोळ्यात नाही. पिकअप हा तारेपासून स्पीकरपर्यंतच्या साखळीतला एक दुवा असतो, आणि किलो-ओहम हे त्या दुव्याचे सर्वांत सहज मोजता येणारे, पण सर्वांत कमी बोलणारे माप आहे. कोणता आवाज ‘चांगला’ हे तुमच्या कानावर, ॲम्प्लिफायरवर आणि तुम्ही भजनाला साथ करणार की घरी एकटे वाजवणार यावर अवलंबून राहील, आणि तिथे मी ढवळाढवळ करणार नाही. बिघाड कुठे आहे हे मात्र तुमच्या वर्णनावरून बऱ्यापैकी सांगता येते.

माझ्याविषयी थोडेसे सांगतो, म्हणजे सल्ला कुठून येतो ते कळेल. मी कुडाळच्या बाजूला मोटार आणि ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगचे काम करत आलो. पिकअप माझ्याकडे आले ते बेंजोमुळे. लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या इलेक्ट्रिक बेंजोंचे पिकअप ऐन हंगामात बंद पडत आणि बेंजो पार्टीवाले ते घेऊन दुकानात येत. पुढे हवाईयन गिटारी आल्या, आणि मग हातांच्या बोटांवर मोजता येतील इतक्या पेडल स्टील. म्हणजे माझे शिक्षण मिरवणुकीच्या गोंगाटात झाले आहे, स्टुडिओत नाही, हे लक्षात घेऊनच पुढचे वाचावे.

पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट तारेच्या नंबराची. आपल्याकडच्या वाइंडिंगच्या दुकानांत तारेचा नंबर एसडब्ल्यूजी या ब्रिटिश मापाने सांगतात, तर गिटारच्या पिकअपविषयीच्या बहुतेक लिखाणात येणारा ४२ हा अमेरिकन एडब्ल्यूजी मापाचा असतो. दोन्ही मापांत आकडा तोच असला तरी तार वेगळी असते. अमेरिकन ४२ नंबरच्या तारेतील तांब्याचा व्यास सुमारे ०.०६३ मिमी, आणि ब्रिटिश ४२ नंबरच्या तारेतील ०.१०२ मिमी. काटछेदाचा विचार केला तर दुकानदाराने तुम्हाला दिलेली तार हवी होती त्याच्या अडीच पटींहून जास्त जाड आहे. त्याने फसवले नाही. तुम्ही मागितले तेच त्याने दिले. अमेरिकन ४२ ला सर्वांत जवळची आपल्याकडची तार म्हणजे ४६ एसडब्ल्यूजी, ०.०६१ मिमीची, आणि अमेरिकन ४४ ची जागा ४७ एसडब्ल्यूजी घेते, ०.०५१ मिमीची. अमेरिकन ४३ या दोहोंच्या मधली असून तिला आपल्या मापात नेमकी जोड नाही. इतकी बारीक तार मोटारवाल्यांना लागतच नाही, त्यामुळे ती गावच्या दुकानात सहसा नसते; मी ती मुंबईहून, लोहार चाळीतून मागवतो.

रिळावरची चिठ्ठी पुसट असेल किंवा तिच्यावर विश्वास नसेल, तर मायक्रोमीटरशिवायही तार ओळखता येते. बरोबर १० मीटर तार मोजून घ्या, दोन्ही टोकांचे इनॅमल बारीक पॉलिश पेपरने काढा आणि मीटर लावा. ४२ एसडब्ल्यूजी असेल तर सुमारे २१ ओहम दिसतील, ४६ असेल तर ५९, आणि ४७ असेल तर ८५ च्या आसपास. तुमच्या बॉबिनवर सरासरी एक वेढा १९ सेंटीमीटरचा धरला, तर ५,००० वेढ्यांची ९५० मीटर तार होते आणि २१ ओहमच्या हिशेबाने ती २ किलो-ओहमच दाखवणार. तुमचा मीटर आणि तुमची मोजणी दोन्ही बरोबर आहेत. चूक फक्त नंबराची आहे.

आता मूळ प्रश्नाकडे, १७ की २०. पिकअपमध्ये आवाज निर्माण होण्याचे तत्त्व साधे आहे: चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार हलली की वेटोळ्यातून जाणारा चुंबकी प्रवाह बदलतो आणि त्या बदलाच्या वेगाच्या प्रमाणात, प्रत्येक वेढ्यामागे थोडा थोडा विद्युतदाब तयार होतो. म्हणजे महत्त्व वेढ्यांना आहे, ओहमना नाही. तुमच्याच बॉबिनवर १७ किलो-ओहम ४७ नंबरच्या तारेने गाठायचे झाले तर सुमारे १०,५०० वेढे लागतील, आणि ४६ नंबरने गाठायचे झाले तर १५,००० च्या वर, जे त्या बॉबिनमध्ये बहुधा मावणारही नाहीत. मावले असे समजा. इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला वेटोळ्याचा होणारा विरोध, वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दुसऱ्या वेटोळ्याचा इंडक्टन्स पहिल्याच्या जवळपास दुप्पट निघेल. मीटरवर दोघांची ओळख एकच आणि आवाजात एक जण लखलखीत, दुसरा घोंगडी पांघरलेला.

ओहमचा आकडा आणखी दोन ठिकाणी फसवतो. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. त्यामुळे डिसेंबरातल्या पहाटे २० अंशांना १७ किलो-ओहम दाखवणारे वेटोळे मे महिन्यात ३५ अंशांच्या दुपारी १८ दाखवते, एकही वेढा न वाढता. दुसरे, गुंडाळताना तार ताणली जाते. ताणाने ती ३ टक्के लांबली तर तेवढ्याच प्रमाणात बारीकही होते आणि रोध सुमारे ६ टक्के वाढतो. म्हणून मी वहीत प्रत्येक पिकअपसमोर तारीख, तपमान, तारेचा नंबर, वेढ्यांची मोजणी आणि शेवटी रोध लिहितो. वेढे ठाऊक असतील तर रोध हा तार किती ताणली गेली याचा साक्षीदार ठरतो, आणि त्या कामापुरता तो उत्तम आहे.

आवाजाचा रंग ठरतो तो अनुनादाने. वेटोळ्याचा इंडक्टन्स आणि वेटोळे व केबल यांची मिळून होणारी कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) एकत्र येऊन एका ठरावीक कंपनसंख्येवर उंचवटा तयार करतात. त्याच्या खालचे सगळे बऱ्यापैकी सारखे येते आणि वरचे झपाट्याने गळते. समजा इंडक्टन्स ८ हेन्री आहे आणि एकूण कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरड. उंचवटा २,५०० हर्ट्झच्या आसपास येईल. साधी केबल मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड घालते, म्हणून तीन मीटरऐवजी सात मीटरची केबल लावली की कपॅसिटन्स ९०० होते आणि तोच उंचवटा १,९०० हर्ट्झवर उतरतो. पिकअपला हात न लावता आवाज बदलला! मी सुरुवातीच्या काळात एका गिटारचे वेढे तीनदा उलगडले आणि चौथ्यांदा लक्षात आले की ग्राहक घरी वाजवतो ती केबल माझ्या दुकानातल्या केबलच्या तिप्पट लांबीची आहे. तेव्हापासून मी वाद्याबरोबर केबल आणि पेडलही आणायला सांगतो.

पेडल हा शब्द इथे मुद्दाम वापरला, कारण स्टील गिटारवाल्याचा आवाज उजव्या पायाखालच्या व्हॉल्यूम पेडलमधून जातो आणि पिकअप घडवणारे बहुतेक जण नेमके तेच विसरतात. साधी गिटार वाजवणारा आवाजाचा नॉब बहुतेक वेळ पूर्ण उघडा ठेवतो. पेडल स्टील वाजवणारा मात्र अर्ध्या पेडलवर तार छेडतो आणि स्वर विरत चालला की हळूहळू पेडल दाबत त्याला धरून ठेवतो. या वाद्याचा तो लांबलेला, रडवा स्वर त्यातूनच येतो. पेडलमधला पॉट, म्हणजे कमी-जास्त करता येणारा रोध, सहसा ५०० किलो-ओहमचा असतो. तो विद्युतदृष्ट्या मध्यावर असताना त्याच्या दोन्ही बाजू २५०-२५० किलो-ओहमच्या होतात आणि पुढच्या केबलला दिसणारा रोध सुमारे १२५ किलो-ओहमचा असतो. त्यापुढे ५०० पिकोफॅरडची केबल असेल तर २,५०० हर्ट्झच्या वरचे सगळे तिथेच उतरणीला लागते. म्हणजे स्वर छेडण्याच्या क्षणी आवाज मंद असतो आणि पेडल दाबत गेल्यावर उजळतो. काही वादकांना हा बदल आवडतो, काहींना तो पिकअपचा दोष वाटतो. मला विचाराल तर वेढे ठरवण्यापूर्वी पेडलच्या आधी एक साधा बफर, म्हणजे पिकअपवर भार पडू न देणारे छोटे सर्किट, लावून पाहावा, ज्याचा इनपुट रोध १ मेगा-ओहम किंवा जास्त असेल. बफर लावल्यावर आवाज टोचू लागला तर वेढे थोडे जास्त द्यायला मोकळीक मिळते, आणि बफर न लावता काम करायचे असेल तर वेढे आवरते घ्यावे लागतात. हा निर्णय आधी, वेटोळे नंतर.

याला लागूनच पिकअपच्या जागेचे बोलतो. तुमच्या गिटारवर जागा कोरलेलीच आहे, त्यामुळे फार खोलात जात नाही. पण आवाज तपासताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. २४ इंचांच्या तारेवर, चेंजरपासून (तारा ओढणाऱ्या-सोडणाऱ्या टोकाकडच्या यंत्रणेपासून) दीड इंचावर असलेला पिकअप मोकळ्या तारेच्या सोळाव्या हिश्श्यावर बसलेला असतो. बार बाराव्या घरावर नेला की कंप पावणारी तार १२ इंचांची उरते आणि तोच पिकअप आठव्या हिश्श्यावर येतो, म्हणून वरच्या घरांत स्वर आपोआप गोल आणि भरीव होतो. पिकअप फक्त पहिल्या पाच घरांत वाजवून पसंत केला तर वरच्या घरांत तो बोबडा वाटण्याचा धोका असतो. परीक्षा दोन्हीकडे घ्यावी.

तुमची तिसरी तक्रार मला सर्वांत रोचक वाटली, कारण तिच्यात वाद्याची सगळी रचना दिसते. ई-नाइन ट्यूनिंगमध्ये तारा जाडीच्या क्रमाने नसतात. सर्वांत बारीक तार पहिली नसून तिसरी आहे, ०.०११ इंचाची, जी-शार्पची. सहावी तार म्हणजे तिच्याच खालच्या सप्तकातला जी-शार्प. ती तुमच्याकडे साधी, न गुंडाळलेली ०.०२० इंचाची असणार असा माझा अंदाज आहे. चुंबकी पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, तो हलणारे पोलाद मोजतो. ०.०२० इंचाच्या साध्या तारेत ०.०११ इंचाच्या तारेपेक्षा तिपटीहून अधिक पोलाद आहे, म्हणून सहावी गरजते आणि तिसरी कुजबुजते. त्यात बी पेडल (तारांचा स्वर बदलणाऱ्या पेडलांपैकी एक) या दोन्ही जी-शार्पना एकाच वेळी ए वर नेते. जिथे दोघींनी हातात हात घालून चढायचे तिथेच तफावत उघडी पडते, आणि तुम्हाला ती सतत टोचते याचे मला नवल वाटत नाही.

यावर जोरदार चुंबक हा उपाय नाही, कारण तो दोघींनाही सारखाच वाढवेल. उपाय तीन आहेत आणि मी ते याच क्रमाने करून पाहतो. सर्वांत स्वस्त म्हणजे सहावी तार बदलून ०.०२२ इंचाची गुंडाळलेली लावणे. तिच्या आतला पोलादी गाभा बारीक असल्यामुळे ती आपोआप नरमते. मात्र पेडल आणि गुडघ्याच्या लिव्हरचा खेच त्या तारेसाठी पुन्हा जुळवावा लागेल. दुसरा उपाय म्हणजे पिकअप तिरका करून पाहणे, पण ३ आणि ६ या तारा मधल्या भागातच असल्याने तिरकेपणाचा फायदा थोडा होतो आणि दहाव्या तारेचे नुकसान जास्त. तिसरा, वेटोळे नवे करणारच आहात तर सहाव्या तारेखालचा पोलपीस, म्हणजे वेटोळ्याच्या पोटातली चुंबकी दांडी, अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली बसवणे. मी तो आधी चिकटवत नाही. नुसता घट्ट बसवून, वाजवून, लाकडी दांडीने हलकेच ठोकत जागेवर आणतो आणि मग पक्का करतो. वेढे थेट पोलपीसवर गुंडाळलेले असतील तर हे नंतर अजिबात करू नका. पोलपीस सरकला की आतला वेढा तुटतो आणि सगळे काम वाया जाते.

पिकअपची उंची ठरवताना स्टील गिटारवर एक सोय आहे. साध्या गिटारवर वरच्या घरात तार दाबली की ती पिकअपजवळ येते. इथे बार तारेवर नुसता टेकतो, तार खाली जात नाही, त्यामुळे अंतर जवळपास कायम राहते. मी पोलपीस आणि तार यांत ३.५ मिमीपासून सुरुवात करतो. जवळ नेल्याने आवाज वाढतो हे खरे, पण चुंबक तारेला ओढू लागतो, जाड तारांचे कंपन बिघडते, स्वर लवकर विझतो आणि त्याचे उपस्वर एकमेकांशी भांडू लागतात. ज्या वाद्यात घरांच्या पट्ट्या नुसत्या खुणेपुरत्या असतात आणि स्वर कानानेच शोधायचा असतो, तिथे असा डळमळीत स्वर वादकाला पार गोंधळवून टाकतो. आवाज कमी पडला तर तो ॲम्प्लिफायरमध्ये वाढवता येतो. बिघडलेले कंपन मात्र पुढे कुठेच दुरुस्त होत नाही.

चुंबकाविषयी म्हणूनच माझे मत सौम्यतेकडे झुकते. विशेष म्हणजे चुंबकी पिकअपचा जन्मच स्टील गिटारसाठी झाला. जॉर्ज बीचम यांनी १९३१ मध्ये घडवलेला आणि पुढच्या वर्षी रिकेनबॅकरच्या ‘फ्राइंग पॅन’ नावाच्या मांडीवरच्या स्टील गिटारवर बाजारात आलेला पिकअप घोड्याच्या नालाच्या आकाराच्या दोन चुंबकांचा होता, तारा त्या नालांच्या पोटातून जात, आणि त्याचे पेटंट १९३७ मध्ये मिळाले. आज आपल्यासमोर मुख्यतः दोन वाटा आहेत. अल्निको या चुंबकी मिश्रधातूच्या दांड्या स्वतःच पोलपीस म्हणून वापरायच्या, किंवा मऊ लोखंडाचे पोलपीस घेऊन खाली फेराइटची पट्टी लावायची. दुसऱ्या रचनेत वेटोळ्याच्या पोटात लोखंड आल्याने तेवढ्याच वेढ्यांत इंडक्टन्स वाढतो, म्हणून वेढे कमी द्यावे लागतात. अल्निकोची वेढ्यांची संख्या जशीच्या तशी लोखंडी पोलपीसवर उतरवली तर आवाज झाकोळतो. तुमच्या पिकअपमध्ये मूळ दांड्या शाबूत असतील तर त्याच ठेवा. जोर जोखायचा असेल तर दहाही दांड्यांना एकेक टाचणी लावून त्यांची ओढ सारखी आहे का, एवढे पाहणे पुरेसे आहे. एखादीच दुबळी निघाली तर गोष्ट वेगळी.

एक कबुली इथे देऊन टाकतो. एका पिकअपला मी पितळी पत्र्याचे झाकण करवून घेतले होते, पॉलिश केल्यावर ते देवघरातल्या समईसारखे झळकत होते, आणि ते बसवल्याबरोबर आवाजातली सगळी चमक नाहीशी झाली. चुंबकी क्षेत्र बदलत असताना पितळासारख्या चांगल्या वाहकात भोवरी प्रवाह फिरतात आणि वरच्या कंपनसंख्यांचा जोर खाऊन टाकतात. झाकण हवेच असेल तर प्लास्टिकचे किंवा जर्मन सिल्व्हरच्या पातळ पत्र्याचे करावे.

आता गुणगुण. तिच्यात दोन वेगळे आवाज असतात आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. गिटार जागच्या जागी फिरवल्यावर कमी-जास्त होणारी खोल गुणगुण ही ५० हर्ट्झच्या चुंबकी क्षेत्राची असते. जवळचा ट्रान्सफॉर्मर, फ्रिज, ॲम्प्लिफायर स्वतः, असे कोणीही तिचे कारण असू शकते. तारांना हात लावल्यावर कमी होणारी चरचर ही विद्युतक्षेत्राची असते आणि दिवेलागणीनंतर ती वाढत असेल तर एलईडी दिवे आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आधी बंद करून पाहा. दुसरीवर शील्डिंग, चांगली केबल आणि चेंजरपासून जॅकपर्यंतची नीट जोडणी हा इलाज आहे. पहिलीवर वेढे वाढवून फायदा होत नाही, कारण वेढे सुराला जितके वाढवतात तितकेच त्या गुणगुणीलाही वाढवतात. नव्या वेटोळ्याने तुमच्या ॲम्प्लिफायरची खरखर मागे पडेल, एवढेच वचन देता येते.

चुंबकी गुणगुण खरोखर असह्य असेल तर वेटोळे दुभागावे लागते: पहिल्या पाच तारांना एक, पुढच्या पाचांना दुसरे, दोघांच्या चुंबकांची दिशा उलट आणि वेढ्यांचीही उलट, म्हणजे तारेचा आवाज बेरीज होऊन येतो आणि बाहेरची गुणगुण वजा होते. ई-नाइनमध्ये पाचवी आणि सहावी या तारा सतत एकत्र वाजतात आणि जोड नेमका त्यांच्यामध्ये येतो, म्हणून दोन्ही वेटोळ्यांची टोके थोडी एकमेकांशेजारी सरकवून बसवावी लागतात. पहिल्याच प्रयत्नात या भानगडीत पडू नका.

याच ठिकाणी एक गंभीर सूचना. तुमच्या हातात पोलादी बार आहे, तो तारांवर टेकलेला आहे आणि तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या आहेत. अर्थिंग नसलेल्या दोन पिनांच्या जोडणीवर हे वाद्य वाजवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. आपल्याकडे जांभ्याची जमीन मे महिन्यात कोरडीठाक होते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. खड्ड्यात मीठ-कोळसा घातलेला असला तरी उन्हाळ्यात त्याला पाणी घालावे लागते. घरात ईएलसीबी (वीज जमिनीत गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर पिकअपच्या तारेआधी तो बसवून घ्या.

शेवटी आपल्या हवेविषयी, कारण अमेरिकेत बसून लिहिलेल्या कोणत्याही कृतीत खारा वारा नसतो. माझे सुरुवातीचे बेंजोचे पिकअप दोन पावसाळ्यांत मेले. उघडून पाहिले तर प्रत्येक वेळी बारीक तार आणि जाड वायर यांच्या जोडावर हिरवा कळंक होता. दोष माझा होता. मी मोटारीच्या कामाची ॲसिडची सोल्डर पेस्ट वापरत होतो आणि तिचा अंश दमट हवेत तांबे खात राहिला. आता फक्त राळेचे फ्लक्स, आणि जोडानंतर स्पिरिटने सफाई. दुसरी जागा म्हणजे पोलपीस. अल्निकोतही लोखंड असते, त्यावर गंज धरला की त्याला चिकटलेला पहिला थर आधी जातो, म्हणून दांड्यांवर लॅकरचा हात देऊन वर पातळ टेपचा एक फेरा घेतल्याशिवाय मी वेढे सुरू करत नाही. व्हल्कनाइज्ड फायबरच्या पट्ट्या पावसाळ्यात ओल पिऊन वाकतात. त्याऐवजी हायलम किंवा काच-इपॉक्सीची शीट वापरतो. आणि आषाढ-श्रावणात मी नवे वेटोळे गुंडाळतच नाही, कारण बोटांचा घाम म्हणजे मिठाचे पाणीच.

गुंडाळण्यासाठी शिलाई मशीनची मोटार आणि तिचे पायाचे रेग्युलेटर उत्तम चालते, कारण वेग पायात राहतो आणि दोन्ही हात तारेला मिळतात. मोजणीसाठी फिरत्या चाकावर एक चुंबक, शेजारी रीड स्विच (चुंबक जवळ आला की आपोआप जुळणारा) आणि तो जुन्या कॅल्क्युलेटरच्या ‘बरोबर’च्या बटणाला जोडलेला, १ अधिक १ दाबून ठेवले की प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने पुढे जातो. फक्त चाक इतके जोरात फिरवू नका की कॅल्क्युलेटरची गणती मागे पडेल. तार बोटांत धरताना मध्ये नमद्याचा तुकडा ठेवावा.

मेण देण्याची पायरी टाळू नका. पेडल स्टीलमध्ये चेंजर, रॉड आणि लिव्हर यांची खटखट सतत चालू असते आणि वेढे सैल राहिले तर पिकअप ती सगळी ऐकवतो. पिकअप आधी एका पेटीत ४० वॉटच्या बल्बखाली रात्रभर सुकवावा, मग चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाश्यांचे मेण यांच्या मिश्रणात, ६५ अंशांच्या आसपास, बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवावा. मेणाचे भांडे नेहमी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचे, थेट गॅसवर कधीही नाही. तपमान फार वाढले तर प्लास्टिकची बॉबिन वाकते.

म्हणजे तुमच्यापुरते माझे म्हणणे असे: सध्याचा पिकअप चुकीच्या तारेचा असल्याने क्षीण आहे, तारांची तफावत मुख्यतः सहाव्या तारेमुळे आहे, आणि गुणगुणीचा बराचसा भाग घरातल्या वायरिंगचा असू शकतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ४७ नंबरच्या तारेने मूळ दांड्यांवर १०,००० वेढे द्या. त्यात सुमारे १६ किलो-ओहम येतील. त्यावरच थांबा, तोच चुंबक, तीच उंची, तीच केबल ठेवून आठवडाभर वाजवा. झाकोळलेला वाटला तर पुढच्या वेळी ९,०००, आणि बोचरा वाटला तर ११,०००. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आत्ताचे वेटोळे उलगडून काढाल तेव्हा ती ४२ नंबरची तार फेकू नका. तिचेच ५० वेढ्यांचे एक छोटे कडे करून, १०० ओहमच्या रोधातून मोबाइलच्या हेडफोन जॅकला जोडा, टोन देणाऱ्या ॲपने कमी कंपनसंख्येपासून वर जात ते पिकअपवर धरा, आणि पिकअपचा आवाज कॉम्प्युटरवर नोंदवा. पिकअप कोणत्याही बदलत्या क्षेत्राला कंपनसंख्येच्या प्रमाणात जास्त प्रतिसाद देतो, त्यामुळे आलेख दर सप्तकाला दुप्पट चढत जाईल. ती चढण वजा केल्यावर जिथे उंचवटा उरेल तो तुमच्या वेटोळ्याचा आणि केबलचा अनुनाद. कड्यासाठी साडेनऊ मीटर तार पुरते.